गाडीच्या एसीतला कुबट वास: अत्तर नको, अडलेलं पाणी शोधा

आषाढातल्या सकाळी गाडीचं दार उघडलं की भिजलेल्या गोणपाटाचा वास अंगावर यायचा. एसी लावला की त्यात चप्पल-स्टँडवर आठवडाभर पडलेल्या ओल्या मोज्यांची भर. मी रोज बेळगावहून खानापूरला जाते, एका बाजूला २५-२६ किलोमीटर. पहिले पाच मिनिटं काचा खाली करून जायचं म्हटलं तर पाऊस आत, काचा लावायच्या म्हटलं तर वास आत. असे दोन पावसाळे मी काढले.

त्या काळात मी काय काय केलं ते सांगून टाकते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आधी एसीची हवा येते त्या जाळीला अडकवायची लिंबाच्या वासाची डबी आणली. आठ दिवस गाडीत लिंबू आणि मोजे दोन्हींचा वास आला, मग नुसत्या मोज्यांचा. मग एका एसीवाल्यानं ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरला. गार हवा आधीही येत होती, नंतरही आली, वासही तसाच आला. शेवटी उद्यमबागेकडच्या एका वयस्क फिटरकडं गेले. त्यानं बोनेटसुद्धा उघडलं नाही. एवढंच विचारलं, “अक्का, एसी लावल्यावर गाडीखाली पाणी पडतंय का?”

मी कधी बघितलंच नव्हतं. आणि पडत नव्हतंच.

पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे. वास कशानं झाकायचा हे विचारण्याआधी पाणी कुठं थांबलंय हे विचारा.

पाणी येतं कुठून

माठातलं गार पाणी स्टीलच्या तांब्यात ओतलं की तांब्याला बाहेरून घाम येतो. गाडीत हेच होतं, फक्त डॅशबोर्डच्या पोटात. तिथं ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक चौकोनी कूलिंग कॉईल असते. एसी चालू असताना ती गोठणबिंदूच्या थोडीच वर असते. ब्लोअर गाडीतली हवा तिच्यातून ढकलतो, हवा गार होते आणि हवेतला दमटपणा पात्यांवर पाणी होऊन बसतो. ते पाणी खालच्या ताटलीत उतरतं आणि बोटाएवढ्या रबरी नळीतून गाडीखाली रस्त्यावर पडतं. जानेवारीच्या कोरड्या हवेत थेंब थेंब, आषाढात तासाभराला तांब्याभर सहज.

पाण्याला वास नसतो. पण हवेबरोबर धूळ येते, झाडांचा पराग येतो, आपल्याच कपड्यांचे तंतू आणि केस येतात. ते ओल्या पात्यांना चिकटतात. अंधार, ओल आणि खायला धूळ एवढं मिळालं की बुरशी आणि जिवाणू तिथं पातळ, बुळबुळीत थर धरतात. न घासलेल्या रांजणाला आतून लागतो तसा. गाडी बंद केली की कॉईल हळूहळू कोमट होते, ओल तशीच राहते आणि रात्रभर हा थर वाढतो. म्हणून सकाळी एसीचा पहिला झोत सगळ्यात घाण असतो आणि दहा मिनिटांनी वास गेल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो. कॉईल गार झाली की त्या थरातून हवेत कमी मिसळतं, आणि एव्हाना आपलं नाकही सरावलेलं असतं.

आपल्या भागात याला एक वेगळी बाजू आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. पावसाळ्यात इथं गारव्यासाठी एसी कुणी लावत नाही, लावतो तो पुढची काच धुरकटते म्हणून. शहापूरहून टिळकवाडी, टिळकवाडीहून अनगोळ असं दहा मिनिटं चालवायचं, काच साफ झाली की गाडी उभी करायची. कॉईल ओलीचिंब होते आणि वाळायला वेळच मिळत नाही. लांबच्या प्रवासापेक्षा ही गल्लीतली ये-जाच गाडीला जास्त कुबट करते. बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेवर हवा सोडायचं बटण दाबलं की एसीचा कंप्रेसर, म्हणजे कॉईल गार करणारा पंप, आपोआप सुरू होतो, हेही ध्यानात ठेवा. ‘मी एसी लावतच नाही’ म्हणणाऱ्यांची कॉईलही ओली असते.

आधी वास ओळखा

कुबट, ओलसर, मोज्यांसारखा वास असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. बाकी काही वासांना हा उपाय नाही, आणि त्यातल्या काहींना उशीर परवडत नाही.

गोडसर, काकवीच्या जवळ जाणारा वास येत असेल आणि काचेला आतून तेलकट थर बसत असेल, तर हीटरच्या कॉईलमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, झिरपत असण्याची दाट शक्यता. कूलंटच्या टाकीची पातळी बघा, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. तापलेलं झाकण उघडू नका. रबर किंवा वायर जळल्याचा वास आला तर गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. पेट्रोलचा किंवा सायलेन्सरच्या धुराचा वास आत येत असेल तर काचा उघड्या ठेवून थेट गॅरेज गाठा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला स्वतःला वास नसल्यामुळं किती आलाय ते नाकाला कळत नाही. दोन दिवसांत एकदम भडकलेला सडका वास म्हणजे बहुतेक उंदीर. भात कापणीनंतर शेताकडंला उभ्या केलेल्या गाड्यांत तो हमखास शिरतो, ब्लोअरमध्ये घर करतो आणि कधी तिथंच मरतो. ब्लोअर उघडल्याशिवाय त्यातून सुटका नाही.

आता परीक्षा. रात्री काचा लावून गाडी उभी करा. सकाळी ज्याचं नाक ताजं आहे अशा माणसाला बरोबर घ्या. रोज चालवणाऱ्याच्या नाकावर भरवसा ठेवू नका. आमच्याकडं हे काम सासूबाईंचं. दार उघडताच, काही चालू न करता वास आला तर दोष गालिच्यात, सीटमध्ये किंवा डिकीत आहे. तो आला नाही, पण नुसता ब्लोअर लावल्यावर जाळीतून आला, तर आतली हवा गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, कॉईलमध्ये किंवा हवा आत घेण्याच्या वाटेत आहे. मग बाहेरची हवा आणि आतली हवा हे बटण आलटून पालटून बघा. बाहेरच्या हवेवरच वास वाढत असेल तर वायपरखालची जागा आधी तपासायची. आतल्या हवेवर वाढत असेल तर पायाखाली बघा.

पायाखाली जुना पेपर

सगळ्या मॅट काढा. चारही जागी गालिच्यावर जुन्या ‘तरुण भारत’ची दुहेरी घडी ठेवा, त्यावर तळहातानं मिनिटभर जोर द्या. पेपर ओला झाला तर जागा सापडली. हातानं चाचपून कळत नाही, कारण गालिचा वरून कोरडा असतो आणि त्याखालच्या फोमच्या थरात पाणी स्पंजासारखं महिनाभर बसून राहतं.

फक्त पुढं डावीकडं, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी ओल असेल तर एसीची नळी तुंबली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ताटलीत भरलेलं पाणी बाहेर जाता येत नाही म्हणून आत सांडतं. मागच्या सीटखाली ओल असेल तर दाराचं रबर किंवा ओल्या छत्र्या. डिकीत स्टेपनीचं चाक उचलून खालचा खड्डा बघा. मागच्या दिव्याच्या कडेनं पाणी शिरून तिथं छोटं तळं झालेलं असतं आणि आपण वर भाजीच्या पिशव्या ठेवत असतो.

ओल सापडली तर गालिचा कडेनं उचलून खाली हवा लागेल असं काहीतरी अडकवा आणि घरातला टेबल फॅन दार उघडं ठेवून दिवसभर लावा. उघडीप मिळाली तर ऊन द्या. नुसतं वरवर पुसून उपयोग नाही. गालिचा ओला ठेवून कॉईल धुणं म्हणजे छप्पर गळत असताना घर सारवणं.

एक सांगून ठेवते. चोर्ला घाटातून गोव्याहून येताना बांगडा मासळीचा थर्मोकोलचा डबा डिकीत ठेवलेला असेल आणि बर्फाचं पाणी गळलं असेल, तर एसीला दोष देऊ नका. आमच्या घरात या विषयावर चार दिवस अबोला झालेला आहे.

नळी वाहती करा

गाडी सपाट, कोरड्या जागेवर उभी करा. एसी पूर्ण गार, ब्लोअर मध्यम, पंधरा-वीस मिनिटं. खाली पुढच्या डाव्या बाजूला थेंब पडायला हवेत. दमट दिवशी एकही थेंब नसेल तर नळी तुंबली आहे किंवा निसटली आहे.

तुंबते कशानं? आपल्याकडं तीन गोष्टींनी. खानापूर भागातली तांबडी माती चिखल होऊन खालून तोंडाशी बसते आणि वाळून विटेसारखी होते. उन्हाळ्यात कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर बांधते. तिसरी गोष्ट माणसांनी केलेली: पत्रा गंजू नये म्हणून खालून अंडरकोटिंग मारताना नळीचं तोंडही काळ्या रंगानं बंद करून टाकतात. माझ्या गाडीत पहिली होती.

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीतून, खालच्या बाजूला ही नळी बाहेर येते. नुसत्या जॅकवर गाडी चढवून खाली शिरू नका. जॅक घसरतो. सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर असेल तेव्हा फिटरला म्हणा, नाहीतर खड्ड्याच्या गॅरेजला न्या. तोंडावरची माती बोटानं काढायची, मग नायलॉनची जाड दोरी किंवा मऊ प्लास्टिकची बारीक नळी हळू आत सारायची. सायकलची तार, स्पोक, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. आत पातळ पात्यांची कॉईल आहे, तिला भोक पडलं तर खर्च कित्येक पट होतो. पंक्चरवाल्याच्या हवेचा पूर्ण दाब सोडायचाही मोह आवरा. त्या झटक्यानं नळी आतून निसटते आणि सगळं पाणी गालिच्यात उतरतं.

मोकळी झाली की भक्कन पाणी येतं. माझ्या गाडीतून लोटाभर आलं, शेवयांच्या खिरीच्या रंगाचं. फिटर बाजूला झाला, मी झाले नाही. चप्पल टाकून द्यावी लागली.

चिंचेची पानं

बोनेट उघडा आणि पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी असलेली प्लास्टिकची जाळी बघा. बाहेरची हवा इथूनच आत जाते. गाडी झाडाखाली उभी करत असाल तर इथं काय साठलंय ते बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. आंब्या-फणसाची पानं जाळीवर अडतात, काढता येतात. चिंच आणि गुलमोहराची पानं बारीक असतात, जाळीतून आत उतरतात आणि पन्हाळीत कुजतात. आमच्या घरासमोर चिंच आहे. फिटरनं मूठभर काळा लगदा काढून माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, “अक्का, आत आणखी एक झाड उगवलं असतं की.”

हातानं आणि व्हॅक्यूमनं काढा. पाइपचा जोरदार फवारा मारला तर कचरा ब्लोअरकडं ढकलला जातो. साफ झाल्यावर एका कडेनं मगभर पाणी हळू ओता. ते चाकाच्या बाजूनं खाली उतरलं पाहिजे. साचून राहिलं तर तिथलंही भोक बंद आहे.

फिल्टर

यावर फार बोलण्यासारखं नाही. बहुतेक गाड्यांत तो ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या मागं असतो. कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली पाडा, मागं एक झाकण दिसेल. काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टर दिलेलाच नसतो, नुसती खाच असते. असेल तर बाहेर काढून बघा: काळा, ओला, पानं अडकलेला असेल तर टाकून द्या. कागदी फिल्टर धुऊन परत घालतात ते पाहिलंय मी. वाळल्यासारखा दिसतो, पण घड्यांत ओल राहते आणि तोच वासाचा कारखाना होतो. नवा गाडीनुसार ३०० ते ७०० रुपयांच्या आसपास येतो. त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो झाकणावरच्या किंवा पुस्तिकेतल्या खुणेप्रमाणंच बसवा.

कंपन्या साधारण १०,००० ते १५,००० किलोमीटरला बदला म्हणतात. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या रस्त्यावर रोज ये-जा असेल, किंवा ऊस गाळपाच्या हंगामात संकेश्वर-चिक्कोडीकडं ट्रॉल्यांच्या मागं धूळ खात जात असाल, तर किलोमीटर मोजत बसू नका. मी दसऱ्याला गाडी पुजायच्या आधी बदलते. पावसाळा संपलेला असतो आणि तारीखही लक्षात राहते.

पण नवा आणला तरी लगेच बसवू नका. आधी कॉईल.

कॉईल धुणं

हे घरी करता येतं, फक्त घाई करून नाही. गाडीच्या एसीच्या कॉईलसाठीचा फेस येणारा स्प्रे घ्या, ज्याला लांब, लवचीक नळी जोडता येते. घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी मिळणारी कडक रसायनं गाडीत वापरू नका. ती ॲल्युमिनियम खातात, आणि तुम्ही त्याच हवेत बसणार असता. डब्यावरचं वाचा, विशेषतः किती वेळ ठेवायचं ते आणि ज्वालाग्राही आहे का ते.

उघडीप असलेला दिवस निवडा. दारं सगळी उघडी, पोरं लांब, हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. पुढच्या पायाशी प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर.

सुरुवातीला दहा मिनिटं एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर जोरात चालवा, कॉईलवरचं सुटं पाणी उतरू द्या. मग इंजिन बंद आणि किल्ली बाहेर. फवारताना ब्लोअर फिरत असला तर फेस तुमच्या तोंडावर येईल.

फिल्टर काढलेल्या खाचेतून मोबाइलचा कॅमेरा टॉर्च लावून आत घालून बघा. समोर पात्यांची जाळी दिसली तर तुमचं नशीब चांगलं: नळी तिथं धरून वरून खाली, डावीकडून उजवीकडं फेस सोडत या. पण समोर गोल पंखा दिसला, तर तुमच्या गाडीत फिल्टर पंख्याच्या आधी आहे. तिथून फवारलेला फेस कॉईलपर्यंत नीट पोहोचत नाही आणि ब्लोअरच्या मोटरवर पडतो. मोटर बिघडली तर वासाची तक्रार विसरायला लागेल. अशा गाडीत फेस खालच्या नळीतून वर सोडतात, किंवा ब्लोअरच्या शेजारचा एक भाग उघडून तिथून. हे फिटरकडून करून घ्या, तुम्ही शेजारी उभं राहा.

पूर्ण कॉईल झाकली गेली पाहिजे. वरचा कोपरा हमखास सुटतो आणि महिनाभरात वास तिथूनच परत येतो. मग डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, बहुतेक पंधरा ते तीस मिनिटं. या वेळात जाळ्यांच्या पट्ट्या ओलसर फडक्यानं पुसून घ्या. बारीक फटींना जुना रंगाचा ब्रश बरा पडतो.

फेस विरतो आणि नळीतून खाली उतरतो. खाली पांढरी ताटली ठेवा. पहिलं पाणी काळपट-तपकिरी येईल. काहीच आलं नाही तर नळी अजून तुंबलेली आहे. तसं असेल तर थांबा आणि आधी ती मोकळी करा, नाहीतर हे सगळं रसायन गालिच्यात जाईल.

उतरणं थांबलं की इंजिन सुरू करा, एसी बंद, तापमान पूर्ण गरम, बाहेरची हवा, ब्लोअर जोरात, काचा खाली. दहा-पंधरा मिनिटं. आत बसू नका. मग पाच मिनिटं एसी, परत गरम हवा. आता नवा फिल्टर बसवा. औषधाचा वास दोन दिवस राहतो, त्यात काळजीचं काही नाही. फार जुना थर असेल तर आठवड्यानं एकदा परत करावं लागतं.

हे करू नका

ब्लीच, फिनेल, डेटॉल जाळीतून ओतणारे लोक आहेत. ब्लीच ॲल्युमिनियमला खातं, आणि एखाद्या आम्लाशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू होतो. दाबाच्या पंपानं कॉईलवर पाणी मारलं तर पाती वाकतात. ओझोनचं यंत्र लावून वास घालवतात, त्यानं हवेतला वास कमी होतो, पण ओला थर जागेवर राहतो. ते करायचंच असेल तर गाडीत कुणीही बसलेलं नको आणि नंतर तासभर दारं उघडी हवीत, कारण ओझोन फुप्फुसाला घातक. कापूर आणि उदबत्तीबद्दल मी काही बोलणार नाही, घरात मोठी माणसं आहेत. खायचा सोडा मात्र ओला नसलेल्या गालिच्यावर रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूम केला तर सीटचा वास थोडा ओढतो.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘एसीला वास येतोय’ एवढंच म्हटलं की पुढचं वाक्य बऱ्याचदा ‘गॅस भरावा लागेल’ असं येतं. एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो काही रोज संपत नाही आणि कुबट वासाशी त्याचा संबंध नाही. हवा गार येत असेल तर गॅसला हात लावू देऊ नका. तुम्हीच तीन कामं नावानं सांगा: पाण्याची नळी मोकळी करा, वायपरखालची जागा साफ करा, कॉईलला फेस मारा. जुना फिल्टर परत मागून घ्या, म्हणजे खरंच बदलला की नाही ते कळतं.

डॅशबोर्ड खोलून कॉईल बाहेर काढायचा सल्ला मिळाला तर विचार करा. कॉईल गळत असेल, आत उंदरानं घर केलं असेल, किंवा दोनदा नीट फेस मारूनही वास येत असेल तरच ते काम. त्यासाठी गॅस पूर्ण काढावा लागतो, तो यंत्रात ओढून घेणारा फिटर बघा, हवेत सोडून देणारा नको. आणि एकदा खोललेला डॅशबोर्ड पूर्वीसारखा गप्प राहत नाही, खड्ड्यात करकरतो. लोंढ्याच्या रस्त्यावर मग रेडिओची गरज उरत नाही.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर एक जास्तीची गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या पुरात या जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात होती, गाड्याही होत्या. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघा. शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ असेल किंवा स्टेपनीखाली बारीक गाळ असेल, तर तो वास एसीचा नाही आणि कुठल्याही फेसानं जाणारा नाही. गाडी सोडून द्या.

सवय

सगळं केलं तरी कॉईल उद्या परत ओली होणारच. ती वाळवायची सवय लावायची.

उतरायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा, हवा बाहेरची. खानापूरहून येताना पिरनवाडी आली की माझा हात आपोआप बटणावर जातो. चोर्ल्यावरून येणाऱ्यांनी घाट चढून कणकुंबीला आल्यावर बघावं. खाली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या उकाड्यात एसी लागतो, वर आल्यावर नुसती हवा पुरते. जांबोटीपासून बेळगावपर्यंतच्या प्रवासात कॉईल खडखडीत होते.

यात एक धोका आहे, तो कुणी सांगत नाही. कंप्रेसर बंद झाला की कॉईलवरची ओल वाफ होऊन काचेवर येते, आणि मुसळधार पावसात पुढची काच क्षणात पांढरी होते. म्हणून धुक्यात, घाटात, गर्दीत हा प्रयोग नको. अशा दिवशी घरी पोहोचल्यावर, मोकळ्या जागेत, दारात गाडी उभी करून तीन मिनिटं गरम हवेवर ब्लोअर चालवा. बंद शटरच्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

आतली हवा फिरवायचं बटण फक्त ट्रकच्या मागं किंवा धुळीत दाबा, नंतर आठवणीनं काढा. ओल्या छत्रीसाठी डिकीत एक प्लास्टिकचा ट्रे ठेवा. रोप लावणीच्या दिवसांत शेतावरून येणाऱ्यांसाठी रबरी मॅट लावा, कापडी काढून ठेवा.

गेल्या श्रावणात गाडी दारात लावली आणि खाली पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत गेला. शेजारच्या काकू फाटकातून ओरडल्या, “वैनी, गाडी गळालीय बघा की तुमची!”

“गळू दे, काकू,” म्हटलं, “दोन वर्षं वाट बघितलीय मी त्याची.”